बूटसाहेब

आमच्या हेडक्लार्कच्या मुलीच्या लग्नाला तो गमबूट घालून आला होता. अंगात धुतलेला पांढरा शर्ट, तेल लावून चापून बसवलेले केस आणि खाली गुडघ्यापर्यंत काळे रबरी बूट. नवी पेठेतल्या मंगल कार्यालयाच्या दारात चपलांचा ढीग पडला होता. त्याच्या शेजारी त्यानं ते बूट काढून भिंतीला टेकवून उभे केले आणि पंगतीला येऊन बसला. वाढप्यानं पाणी ओतायला तांब्या वाकवला, तर यानं पेल्यावर हात आडवा धरला आणि विचारलं, "पाणी कुटलं हाय?"

वाढपी गोंधळला. मुलीचे वडील म्हणजे आमचे हेडक्लार्क स्वतः धावत आले. पाणी नळाचं आहे, सकाळीच भरलंय, हौद कालच घासून घेतलाय, असं सगळं त्यांनी सांगितलं. दुसऱ्या कुणी वधूपित्याला असा प्रश्न केला असता तर लोकांनी त्याला पंगतीवरून उठवलं असतं. यानं 'बरं' म्हणून मान हलवली, तेव्हा अख्ख्या पंगतीनं निर्धास्तपणे पेले तोंडाला लावले. मीही लावला. मी नवा टेरिकॉटचा शर्ट घालून गेलो होतो. त्या लग्नाची आठवण निघाली की आमच्या खात्यातले जुने लोक अजून त्याच्याबद्दल बोलतात. मी तिथं होतो हे कुणाला आठवत नाही.

आम्ही दोघं एकाच आठवड्यात महापालिकेच्या बांधकाम खात्यात ओव्हरसियर म्हणून लागलो. टेबलं शेजारी शेजारी. मी नवी पेठेतला. माझे वडील एका कापडाच्या दुकानात दिवाणजी. डिप्लोमाला मला पहिला वर्ग होता. तो मोहोळच्या पलीकडच्या एका खेड्यातला. घरी थोडी कोरडवाहू जमीन आणि मेंढरं. एक विषय राहून राहून कसाबसा पास झालेला. शहरात इतकी वर्षं काढूनही त्यानं आपलं 'हाय-न्हाय' सोडलं नाही. साहेबांपुढं मी तोलूनमापून शुद्ध बोलायचो. तो म्हणायचा, "न्हाय जमणार साहेब, मुरूम लई कच्चा हाय तितं." आणि आमचे साहेब, ज्यांना स्वतःला इंग्रजीशिवाय रागावता येत नसे, ते हसून 'मग काय करायचं' असं त्यालाच विचारायचे.

त्याला भाषाही येत होत्या. अक्कलकोटकडच्या मजुरांशी कानडी, विणकरांच्या गल्लीत तेलुगू, टांगेवाल्यांशी दखनी. शिकला कधी, कुणाला ठाऊक नाही. मी एकदा चिडून विचारलं तर म्हणाला, "शिकलो कुटं? ऐकलं नुस्तं." मीही त्याच गावात जन्मापासून ऐकत होतो.

बूटसाहेब हे नाव त्याला मिळालं ते रंगखान्याच्या जागेवर.

भवानी पेठेच्या मागच्या अंगाला सूत रंगवायचा एक जुना कारखाना होता. दुष्काळाच्या आधीच तो बंद पडला. मालक गाव सोडून गेला. पत्रे आणि हौद भंगारवाल्यांनी नेले आणि नुसती जागा उरली. ती एका गृहनिर्माण सोसायटीनं घेतली. सभासद म्हणजे मागावरचे कामगार, शाळामास्तर, आमच्यासारखे नोकरदार. मीही एक होतो. पण जागा बघायला गेलो की नाकाला रुमाल लावावा लागे. कुदळ मारली की खालून काळी, निळी, पिवळी माती निघायची. कोपऱ्यातल्या विहिरीचं पाणी चहासारखं दिसायचं. आमच्या साहेबांनी पवित्रा घेतला, की आधी ही घाण काढा, चांगला मुरूम भरा, आमचा माणूस उभा राहून ते करून घेईल, तो हो म्हणेल तेव्हाच लेआउट मंजूर. आमचा माणूस म्हणजे मी, अशी माझी खात्री होती.

साहेबांनी आम्हा दोघांना जागा बघून यायला सांगितलं आणि किती खोल खणावं लागेल ते विचारलं. मी नकाशा काढून, रंग भरून नेला. पुरुषभर खोल, सगळीकडे सारखं. साहेबांनी तो बघितला, छान आहे म्हणाले आणि त्याच्याकडे वळले. तो म्हणाला, "मला सांगता येत न्हाय." साहेब म्हणाले, मग कधी सांगता येईल? तो म्हणाला, "खणल्यावर."

काम त्याला मिळालं. त्या दिवशी मी घरी पायी गेलो. पहिला वर्ग ज्याला होता त्याला उत्तर येत होतं, म्हणून काम मिळालं नाही. आमच्या हिला हे मी पोटतिडकीनं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, "अहो, पण सगळीकडे सारखं कसं असेल?"

त्यानं पहिल्या दिवशी मजुरांसाठी गमबूट मागितले. ठेकेदार हसला, मातीकामाला बूट कशाला? बूट आल्याशिवाय त्यानं कुदळ मारू दिली नाही. आठवडाभर काम बंद. सगळ्यांचे आले तेव्हा त्यानं स्वतःही एक जोड घेतला आणि मग तो काढलाच नाही. ऑफिसात बूट, बाजारात बूट, सिद्धेश्वराच्या पायऱ्यांशी बूट. काढून घालण्यात वेळ जातो, एवढंच त्याचं कारण. मजुरांची मुकादम नागव्वा म्हणून एक धिप्पाड बाई होती. बायकांना मुकादम कुणी करत नसे, यानं केली. तिनंच त्याला बूटसाहेब म्हणायला सुरुवात केली.

दुपारच्या सुट्टीला तो सगळ्यांना रांगेत उभं करून कोपरापर्यंत हात धुवायला लावायचा. भाकरीला हात लावण्याआधी नखं बघायचा, शाळेत बघतात तशी. नागव्वा हे करून घ्यायची आणि कुणी टाळलं तर कानडीत असं काही बोलायची की बाकीचे खो खो हसायचे. तोही हसायचा. मी एक-दोनदा जागेवर गेलो, तेव्हा हसू थांबलं.

आणि मग मेथी. निरनिराळ्या खड्ड्यांतली माती त्यानं बिस्किटांच्या डब्यांच्या झाकणांत भरली, त्यात मेथी पेरली आणि ती झाकणं ऑफिसच्या खिडकीत मांडली. नमुने पुण्याला तपासायला जात होतेच, पण तिकडून उत्तर यायला महिने लागत. तोवर ही मेथी. शिपाई पाणी घालायचे. हेडक्लार्क सकाळी आल्या आल्या कुठं कोंब आलाय ते बघायचे. साहेबसुद्धा केबिनमध्ये जाताना खिडकीशी थांबायचे. माझा रंगवलेला नकाशा त्याच खिडकीच्या बाजूला भिंतीवर लावलेला होता. मी बघत असे, साहेबांची नजर तिथवर जाते का. मेथीपाशीच थांबायची.

एकदा मला राहवलं नाही. सगळ्यांसमोर मी म्हणालो की हे शास्त्र नाही, मेथी न उगवायला शंभर कारणं असतात आणि विषारी मातीतही एखादी उगवते. मला वाटलं, आता हा चिडेल.

"व्हय," तो म्हणाला, "मेथी खोटं बोलती. म्हणून तर खड्डंबी खणतोय की."

त्यावर सगळे हसले. कुणावर ते मला कळलं नाही.

हा पाणी का विचारत फिरतो, हे मला कित्येक वर्षं माहीत नव्हतं. ते मला हिच्याकडून कळलं. तो अधूनमधून आमच्याकडे यायचा. दाराशी बूट उभे करायचा, हिनं दिलेली शेंगाचटणी आणि कडक भाकरी खायचा, पोरांना मेंढरांच्या गोष्टी सांगायचा. एकदा मी घरी नसताना आला होता. दुष्काळात, आमच्या खात्यात लागायच्या आधी, तो एका कामावर होता. मजुरांना प्यायला पाणी नव्हतं, म्हणून त्यानं एक बुजलेली विहीर उपसून घेतली. पाणी लागलं तेव्हा लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं. चार दिवसांनी माणसं आजारी पडली. बरीचशी उठली, एक म्हातारा उठला नाही. हे त्यानं आमच्या हिला सांगितलं. आमची टेबलं इतकी वर्षं शेजारी, डबा एकत्र खायचो, पण मला कधी सांगितलं नव्हतं. मी हिला विचारलं, तुलाच का सांगितलं? ती म्हणाली, "मी विचारलं म्हणून."

खरं सांगायचं तर त्या वेळी मला त्या म्हाताऱ्याचं वाईट वाटायच्या आधी हेच लागलं.

जागा हळूहळू साफ होत गेली. घाण गावाबाहेरच्या जुन्या खाणीत जाऊ लागली. खाली-वर काळ्या मातीचा जाड थर देऊन ती पुरायची. इकडे नवा मुरूम पडला, रोलर फिरला. सोसायटीनं चिठ्ठ्या काढून प्लॉट वाटले आणि मला पूर्वेचा कोपरा लागला. समोर रस्ता, बाजूला कडुलिंब. सगळ्यात चांगला प्लॉट. आयुष्यात मला काहीतरी त्याच्याआधी मिळालं होतं. तो सभासदच नव्हता. सोसायटीनं आग्रह केला तर म्हणाला होता, जी जागा मी पास करायची तिथं माझं घर कसं असंल? ह्याचंही कौतुक झालं. झालं तर झालं, कोपरा माझा होता. त्या कोपऱ्यातले त्याचे खड्डे स्वच्छ निघाले होते, मेथी तरारून आली होती, मंजुरी आठवड्यावर आलेली. मी विटा आणून टाकल्या.

उन्हाळ्याच्या ऐन भरात एका रविवारी तो घरी आला. बगलेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी. पाणी प्याला, पोरांच्या पाठीवरून हात फिरवला आणि ती पुडी उघडून ठेवली. माझीच वीट होती, थप्पीच्या तळातली. तिच्या खालच्या कडेला हळदीसारखी पिवळी पूड फुटून आली होती.

मी म्हणालो, लोणा आहे. खारवट जमीन, उन्हानं वर येतो.

"लोणा पांढरा असतोय," तो म्हणाला. "ह्यो पिवळा हाय. खाली कायतरी हाय तुझ्या जाग्यात. म्या मंजुरी देत न्हाय."

माझी कानशिलं तापली. मी बरंच बोललो. की याच कोपऱ्यातले तुझे खड्डे स्वच्छ होते, की तुझी मेथी उगवली होती, की मला चिठ्ठीत कोपरा लागला हे तुला बघवत नाही. शेवटचं बोललो तेव्हा मलाच ऐकू आलं की हे मी माझ्याबद्दल बोलतोय. तो ऐकत राहिला. मग ही पुढं आली. तिनं विचारलं, "भावोजी, असल्या जागेत राहिलं तर काय होतं?"

"रंगखान्यातली मानसं म्या बघितली हायत वैनी. हातावर भोकं पडल्याली, नाकातनं रगात. पोरांचं काय हुतं ते बघितलं न्हाय. बघायचंबी न्हाय."

तो गेल्यावर हिनं ती वीट उचलून मागच्या दाराबाहेर ठेवली, साबणानं हात धुतले आणि मला म्हणाली की त्या जागेत मी पोरांना घेऊन राहणार नाही. तुम्ही राहा.

त्या कोपऱ्यात आणखी चार-पाच जणांचे प्लॉट होते. ते भडकले. सोसायटीच्या सभेत मी सगळ्यांत मोठ्यानं बोललो. एका विटेवरून माणसांची घरं अडवतात का, असं विचारलं. टाळ्या पडल्या. शिष्टमंडळ साहेबांकडे गेलं. साहेब सरळ माणूस होते. त्यांनी आम्हा दोघांना बोलावलं आणि मला म्हणाले, तुमचा त्याच्यावर विश्वास नाही ना? मग तुम्ही खणून बघा. तुम्ही सांगाल ते शेवटचं. त्याच्याकडे बघून विचारलं, चालेल? तो म्हणाला, "बेस हुईल की."

म्हणजे ज्या कामासाठी मी एवढे दिवस जळलो, ते माझ्या हातात आलं. तेही माझ्याच जागेवर. त्या सकाळी मी जितक्या उत्साहानं कामावर गेलो, तितक्या कधी गेलो नव्हतो. त्याचे खड्डे सोडून दुसरीकडे खणायचं, खोल खणायचं, स्वच्छ माती काढून सगळ्यांना दाखवायची आणि ती पिवळी वीट त्याच्या टेबलावर नेऊन ठेवायची, असं मी ठरवलं होतं.

नागव्वानं आल्या आल्या विचारलं, "बूटसाहेब कुटं हायत?"

मी म्हणालो, आज मी आहे. तिनं मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. माझ्या पायांत चपला होत्या. मग तिनं माणसांना कामाला लावलं.

मुरूम निघाला, त्याखाली चांगली माती निघाली. तो जेवढा खोल गेला होता त्याच्या पुढं आम्ही गेलो. अजून चांगलीच. मला गाणं म्हणावंसं वाटत होतं. बस झालं असं म्हणणार, एवढ्यात पहार कशावर तरी खणकन वाजली. शहाबादी फरशी. एकाच्या बाजूला एक, तिरकी गेलेली ओळ. दोघांनी मिळून एक फरशी उचलली. खाली जुनी बांधीव मोरी होती आणि ती तोंडापर्यंत पिवळ्या राडीनं भरलेली होती. वासानं माणसं मागं सरली. मोरी माझ्या प्लॉटखालून तिरकी शेजारच्या प्लॉटकडे गेली होती.

नागव्वा फरशीची कड धरायला वाकली. मी ओरडलो. हात लावू नका, वर या, सगळे वर या, आधी हात धुवा. मी त्यांना रांगेत उभं केलं आणि कोपरापर्यंत धुवून घेतलं. नखं बघितली. मग माझ्या पायांकडे लक्ष गेलं. नागव्वानं आपल्या बादलीतलं पाणी माझ्या चपलांवर ओतलं.

त्याला बोलावणं गेलं. तो सायकलवरून आला, खड्ड्यात उतरला, मोरी बघितली. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत उभा होतो. जिंकल्याची एखादी रेघ दिसली असती तर मला बरं वाटलं असतं, मला त्याचा मोकळेपणानं राग करता आला असता. तो त्याच्या जुन्या खड्ड्यापाशी गेला आणि तिथून मोरीपर्यंतचं अंतर हातानं मोजलं.

"इतक्यानं हुकलं," तो म्हणाला. "हुकलं माझं. मंजुरी देऊन बसलो असतो." त्याचा आवाज नेहमीचा नव्हता. मग माझ्याकडे वळला. "तू हुडकलंस, लई बेस झालं."

साहेबांनाही त्यानं तेच सांगितलं. माझं चुकलं, यानं शोधून काढलं. आणि मग जे झालं त्याला काय म्हणावं ते मला अजून कळत नाही. सोसायटीनं सभा भरवली. अध्यक्ष मास्तर होते, बोलायची हौस दांडगी. स्वतःच्या हक्काच्या जागेवर स्वतः कुदळ चालवून ह्या गृहस्थानं सगळ्यांच्या लेकराबाळांना वाचवलं, स्वतःच्या घरावर पाणी सोडलं, असं ते म्हणाले. माझ्या गळ्यात हार पडला. बायका पदर डोळ्यांना लावत होत्या. कौतुक म्हणतात ते पहिल्यांदाच, एवढं मोठं, फक्त माझ्या वाट्याला आलं होतं. मी समोर बघितलं. शेवटच्या रांगेमागं तो गमबूट घालून उभा होता आणि सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होता. मनापासून वाजवत होता, हे लांबूनही दिसत होतं. त्यानंच दिलेला हार गळ्यात घालून मी उभा होतो, आणि दिलाय हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं.

घरी आलो. हिनं हार बघितला, सगळं ऐकून घेतलं आणि तोंडाला पदर लावून हसत सुटली. मी खणायला का गेलो होतो, हे त्या सगळ्या गावात फक्त तिला माहीत होतं. हसून झाल्यावर तिनं हार देवाला घातला.

त्या कोपऱ्यावर कुणी घर बांधलं नाही. मोरी उकरून काढली, पण तो म्हणाला आता हितं कडुलिंबच असू दे, आणि ह्या वेळी कुणी वाद घातला नाही. आम्हा कोपऱ्यातल्यांना पश्चिमेकडे लहान लहान प्लॉट मिळाले. दुपारी भिंती तापतात. पण ही त्या घरात सुखानं नांदली आणि पोरं तिथंच मोठी झाली.

दर वर्षी दिवाळी झाली की तो सायकलला पिशवी अडकवून त्या खाणीकडे जायचा, जिथं रंगखान्याची घाण पुरली होती. आसपासच्या विहिरींचं पाणी बाटल्यांत भरून आणायचा आणि पुण्याला पाठवायचा. हे काम त्याला कुणी सांगितलं नव्हतं. हितलं उचलून तितं न्हेलं, एवढंच आपण केलंय, असं म्हणायचा. एका वर्षी मी बरोबर गेलो. का गेलो ते सांगता येणार नाही. ही म्हणाली होती, जाऊन तर बघा.

खाणीवर गवत वाढलं होतं. पलीकडे एका धनगराची विहीर होती. मेंढरं दूर उतरणीला चरत होती. धनगराच्या बायकोनं आम्हाला बसायला घोंगडं टाकलं आणि वर्षभरात कुणी आजारी पडलं नाही, पाण्याला वास नाही, असं धनगरानं न विचारताच सांगून टाकलं. आमचा हा दरवर्षी हेच विचारत असणार. यानं दोर सोडून पाणी काढलं, बाटली भरली आणि वर धरून उन्हात बघू लागला.

तेव्हा मी विचारलं. इतकी वर्षं विचारायचं होतं, ते तिथं त्या विहिरीच्या काठावर तोंडातून गेलं. म्हटलं, "तुला कधी कुणाचा हेवा वाटला का रे?"

त्यानं बाटली खाली घेतली. प्रश्न त्याला नवा होता हे दिसलं. तो खरोखर आठवू लागला. गावाकडचं, कॉलेजातलं, ऑफिसातलं, एकेक माणूस डोळ्यांपुढं आणून बघत असावा. त्याला नाही म्हणायला लाज वाटत होती, असं मला वाटलं. माझ्यासाठी तरी एखादं नाव सापडावं, म्हणून तो शोधत होता.

"न्हाय बा," तो शेवटी म्हणाला. "ऱ्हाऊनच गेलं ते."

मग त्यानं बाटली माझ्या हातात दिली. वय झाल्यानं त्याची नजर आता पहिल्यासारखी राहिली नव्हती. "जरा तू बघ की," तो म्हणाला, "पिवळं दिसतंय का?"

मी बाटली उन्हात धरली. तो माझ्या तोंडाकडे बघत थांबला.